बोरीबंदर ते राजाबाई टॉवर

आमच्या घरी एक जुनी लग्नपत्रिका जपून ठेवलेली आहे. पिवळी पडलेली, घडीवर विरलेली. तीत आमच्या काकांच्या नावापुढे कंसात 'जी. डी. आर्ट' अशी अक्षरे छापली आहेत. मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ती अक्षरे दोनदा वाचली आणि आमच्या आजोबांना बाजूला घेऊन विचारले, "म्हणजे मुलगा ग्रॅज्युएटच ना?" आजोबा कोर्टात शिरस्तेदार होते. खोटे बोलायचे नाही आणि सोयरीकही मोडू द्यायची नाही, अशा पेचात त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तसे म्हणायला हरकत नाही."

हरकत होती. मॅट्रिकनंतर पाच वर्षे काका चित्रकला शिकले होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, जिवंत माणसांवरून, निसर्गावरून शेकडो चित्रे त्यांनी काढली होती, परीक्षा दिल्या होत्या. पण हाती आली ती सरकारची पदविका, विद्यापीठाची पदवी नव्हे. बी. ए. झालेला त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याहून एक वर्ष कमी शिकला होता, तरी 'पदवीधर' तो, काका नव्हेत. हा फरक कुठून आला आणि तो मिटायला किती काळ लागला, याची हकिकत मुंबईच्या एका जुन्या रस्त्यावर घडलेली आहे.

मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे वर्ग २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ रोजी. म्हणजे ही दोन भावंडे एकाच वर्षाची, आणि चित्रशाळा साडेचार महिन्यांनी थोरली. पुढे १८७८ साली बोरीबंदराजवळ चित्रशाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. त्याच साली विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बांधून पुरा झाला. एकीकडून दुसरीकडे चालत जायला पाऊण घटकाही फार होते. पण विद्यापीठाची ललितकलेतील पदवी या चित्रशाळेत शिकवली जाऊ लागली ती १९८१ साली. मैलभराच्या त्या रस्त्याला एकशे चोवीस वर्षे लागली!

यात एक गंमत आहे ती शब्दाची. विद्यापीठात 'आर्ट्‌स'ची शाखा पहिल्या दिवसापासून होती. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार बी. ए. झाले. 'कलाशाखेचे पदवीधर' असे आपण आजही म्हणतो. पण या कलेत इतिहास होता, तर्कशास्त्र होते, गणितही होते. फक्त कला तेवढी नव्हती. त्या पदवीसाठी कुणाला कुंचला हाती धरावा लागला नाही. विलायतेतून आलेला शब्द आपण तसाच उतरवून घेतला, आणि चित्रकाराला कलाशाखेच्या दाराबाहेर उभे केले.

बाहेर उभे करण्याचे कारण मात्र केवळ शब्दाचे नव्हते. चित्रशाळा काढली होती कशासाठी, ते पाहिले म्हणजे उलगडा होतो. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. तिथे हिंदुस्थानातील विणकाम, धातुकाम, लाकडावरचे कोरीवकाम पाहून इंग्रज कारखानदार चकित झाले. यंत्राने त्यांचा माल स्वस्त केला होता, सुंदर केला नव्हता. या देशातील कारागिरी टिकावी आणि तिला 'शास्त्रशुद्ध' रेखाटनाची जोड मिळावी, असा विचार निघाला. मद्रासला १८५० साली, कलकत्त्याला १८५४ साली अशा शाळा निघाल्या. मुंबईसाठी सर जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले. चीनच्या व्यापारात, त्यात अफूही आली, अपार पैसा मिळवलेला आणि त्यातला बराच भाग धर्मादाय करून मोकळा झालेला हा पारशी गृहस्थ. त्याच्या मनात चित्रकार घडवायचे नव्हते, तर सुतार, लोहार, कुंभार, सोनार यांची मुले अधिक हुशार व्हावीत असे होते.

अभ्यासक्रम आला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनहून. त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या. आधी सरळ रेघ, मग वाकडी. मग चित्रातले नक्षीकाम पाहून नक्षी. मग प्लास्टरचे फळ, प्लास्टरचे पान, प्लास्टरचा पाय. ग्रीक देवांच्या नाकाडोळ्यांवरून शेंदरी-काव लावणाऱ्या देशातील मुले छायाप्रकाश शिकू लागली. जिवंत माणूस या जिन्याच्या फार वरच्या पायरीवर बसला होता. शिवाय अपेक्षा होती कारागिरांच्या मुलांची. प्रत्यक्षात पांढरपेशा घरांतलीही मुले येऊ लागली, आणि त्यांना नक्षी काढायची नव्हती, चित्र काढायचे होते. शाळा काढणाऱ्यांचा हेतू आणि शिकणाऱ्यांची हौस यांची ही ओढाताण पुढे पन्नास वर्षे चालली.

तरीही त्या पहिल्या पिढीचे काम मुंबईकराच्या रोज नजरेसमोर आहे. १८६५-६६च्या सुमारास विलायतेहून तीन शिक्षक आले. जॉन ग्रिफिथ्स रंगकामाला, लॉकवुड किपलिंग मातीकाम-शिल्पाला आणि हिगिन्स लोखंडाच्या नक्षीकामाला. किपलिंगचा मुलगा रडयार्ड, पुढे 'जंगल बुक' लिहिणारा, ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईतच जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या दारावरची उठावशिल्पे थोरल्या किपलिंगची आहेत. भाजीची पिशवी सांभाळत आत शिरताना मान वर करायला सवड कुणाला असते म्हणा! आणि बोरीबंदरचे स्टेशन उभे राहत होते तेव्हा त्याच्या भिंतींवरची, खांबांवरची पानेफुले, पशुपक्षी यांच्या नक्षीत चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रोज लाखो माणसे त्या खांबांखालून गाडी पकडायला धावतात. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा इतका मोठा कागद दुसऱ्या कुठल्या विद्यालयाला मिळाला असेल असे मला वाटत नाही.

ग्रिफिथ्सचे दुसरे काम याहून मोठे. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात राहिला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेत राहिला. त्याच्या आधी मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आगीत जळाल्या होत्या. दैव असे, की ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकीही बऱ्याच प्रती लंडनलाच १८८५च्या आगीत नष्ट झाल्या. उरल्या त्यांच्या आधारे त्याने १८९६-९७ साली दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. पेस्तनजी बोमनजीसारखा पुढे नावाला आलेला चित्रकार त्या विद्यार्थ्यांत होता. प्लास्टरच्या ग्रीक नाकावर हात बसवलेली ही मुले अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभी राहिली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे त्यांच्यापैकी कुणी सविस्तर लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते. साउथ केन्सिंग्टनच्या तेवीस पायऱ्यांत ती रेषा कुठेच नव्हती.

हळूहळू चित्र नक्षीच्या पुढे सरकले. १८९६ साली गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने नऊवारी नेसून, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेल्या स्त्रीचा पूर्णाकृती पुतळा केला. 'मंदिरपथगामिनी' या नावाने तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. विलायतेत जॉर्ज बर्डवुडसारख्या जाणकाराने तो वाखाणला. शाळेतल्या मुलाने केलेला पुतळा, आणि त्याच्यावर थोरामोठ्यांनी लेख लिहावेत! कारागिरांची शाळा म्हणून काढलेली संस्था आता कलावंत घडवते आहे हे त्या पुतळ्याने जाहीर केले.

त्याच काळात कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर तिथे होते. १८९० साली विद्यार्थी म्हणून ते दारातून आत गेले आणि १९३१ साली निवृत्त होऊन बाहेर पडले. विद्यार्थी, शिक्षक, आणि अखेर काही काळ प्रभारी संचालक. 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच सगळे सांगते. मराठी घरांतल्या लग्नमुंजी, हळदीकुंकू, बाजारहाट, गडकिल्ल्यांवरचे प्रसंग त्यांनी हजारो चित्रांत उतरवले. आपल्या आज्यांचे दागिने आणि नेसण्याच्या तऱ्हा पाहायच्या तर छायाचित्रांपेक्षा धुरंधरांच्या चित्रांत त्या अधिक सापडतात. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली, वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, तिथली पदविका मिळवली. या शाळेतून रीतसर शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. 'मुलीला चित्रकलेचे शिक्षण कशाला' हा प्रश्न जिथे विचारला गेला नाही असे घर त्या काळी बहुधा धुरंधरांचेच असावे.

१९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, जिवंत मॉडेल, तेही विवस्त्र, समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग नियमितपणे चालू केला. दुसरी, भित्तिचित्रांचा खास वर्ग काढला. १९२४च्या वेम्बली प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी एक सबंध दालन चितारून पाठवले, आणि १९२८-२९च्या सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंतींवर तिथलेच चित्रकार मचाणे बांधून काम करत होते. सॉलोमन यांची 'भारतीय' चित्रकला आज जरा गोडगोड वाटते हे खरे. बंगालकडच्या मंडळींनी तिच्यावर तोंडसुख घेतले तेही सगळेच अन्यायाचे नव्हते. पण विद्यार्थ्याला वर्गातून उचलून खऱ्या भिंतीपुढे उभे करण्याचे जे शिक्षण आहे, ते त्यांनी दिले.

या सगळ्या काळात परीक्षा होती सरकारची. शाळांतून 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमीजिएट' या ग्रेड परीक्षा. मुक्तहस्तचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ऐकताच ज्यांच्या नाकात पोस्टर रंगाचा वास येतो असे लाखो लोक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या पुढे ड्रॉइंग मास्तर व्हायचे प्रशिक्षण, आणि सर्वांत वर 'गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन आर्ट', म्हणजेच काकांची जी. डी. आर्ट. या पद्धतीत एक मोठा उदारपणा होता, तो विसरू नये. परीक्षा एका ठिकाणी, पण शिकायला अनेक दारे. गिरगावात दंडवतीमठ मास्तरांचे नूतन कलामंदिर होते. इंदूरला देवळालीकर मास्तर मुलांना तयार करत. इंग्रजीत नापास झालेला, घरची गरिबी असलेला, पण हातात वळण असलेला मुलगा या दारांतून आत येऊ शकत होता. विद्यापीठाच्या दारात त्याला कुणी उभे केले नसते.

आणि चित्रकार व्हायला कागद लागतो असे तरी कुठे आहे? १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. त्यांतल्या सूझांना चित्रशाळेतून काढून टाकण्यात आले होते. आरा यांनी घरकाम करून पोट भरले, मोटारी धुतल्या. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. आज त्यांची चित्रे संग्रहालयांत आहेत. मग पदवीचा एवढा घोर कशाला?

घोर चित्रांसाठी नव्हता, माणसांसाठी होता. प्रत्येक जण काही आरा किंवा सूझा होत नाही. शंभरांतले नव्वद पुढे शिक्षक होतात, छापखान्यात जातात, जाहिरातीत जातात. त्यांना पगारश्रेणी लागते, बढती लागते, वरच्या शिक्षणाची वाट लागते. काकांना चाळिशीत कलेचा इतिहास शिकून एम. ए. व्हावेसे वाटले. एका विद्यापीठाच्या कचेरीत ते अर्ज घेऊन गेले. कारकुनाने त्यांची पदविका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे ठीक आहे, पण तुमचे शिक्षण मॅट्रिकच ना?" काका घरी आले, अर्ज फाडला नाही, त्याच्या कोऱ्या पाठीवर त्या कारकुनाचे चित्र काढले. चित्र उत्तम होते. चष्मा नाकावर घसरलेला, हाताखाली शिक्क्यांचा डबा. ते आम्ही अजून ठेवले आहे. पण एम. ए. राहिले ते राहिलेच.

ही कोंडी आधी फुटली ती मुंबईत नव्हे, बडोद्यात. बडोदे आपल्याला परके नाही. सयाजीरावांनी १८९० साली तिथे कलाभवन काढले होते. मुंबईच्या चित्रशाळेतून निघालेला त्र्यंबकेश्वरचा एक तरुण त्याच साली तिथे छायाचित्रण आणि छपाईच्या विद्या शिकायला गेला. तो धुंडिराज गोविंद फाळके. १९४९ साली महाराज सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कुलगुरू होत्या हंसा मेहता. त्यांच्या काळात १९५० साली ललितकलांची स्वतंत्र विद्याशाखा उघडली: वैद्यक, कायदा, विज्ञान यांच्या रांगेत, त्यांच्याच मानाने. मार्कंड भट्ट पहिले अधिष्ठाता. शिल्पाला शंखो चौधरी, आणि पाठोपाठ चित्रकलेला शांतिनिकेतनचे के. जी. सुब्रमण्यन आले. चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख झाले आपले नारायण श्रीधर बेंद्रे.

बेंद्रे इंदूरचे, देवळालीकर मास्तरांचे शिष्य. त्यांच्यापाशी आग्रा विद्यापीठाची बी. ए. ही होती आणि मुंबईची जी. डी. आर्टही. दोन्ही काठ पाहिलेला माणूस. त्यांच्या वर्गात शिक्षक स्वतः चित्र रंगवीत असे आणि मुले पाहत असत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यासोबत कलेचा इतिहास होता, सौंदर्यविचार होता, वाचन आणि वाद होता. ज्योती भट्ट, शांती दवे, रतन पारिमू, पुढे गुलाम मोहम्मद शेख ही तिथली पहिली पिके. शेख चित्रकार आहेत तसे गुजरातीतले कवीही. चित्रकाराने लिहावे, बोलावे, आपण काय करतो याचा विचार करावा ही सवय बडोद्याने लावली. मुंबईचे चित्रकार त्या काळी गमतीने म्हणत की बडोद्याची मुले रंगवण्याआधी बोलतात. थट्टेत थोडा मत्सरही असावा. १९६६ साली बेंद्रे बडोदे सोडून मुंबईला राहायला आले, पण ती विद्याशाखा आपल्या पायावर उभी झाली होती.

मुंबईत मात्र गाडी रखडली. त्याच आवारातले वास्तुशास्त्राचे वर्ग १९५२ साली विद्यापीठाला जोडले गेले. घर बांधणारा पदवीधर झाला, घराच्या भिंतीवर चित्र काढणारा पदविकेवरच राहिला. १९५८ साली वास्तुकला आणि उपयोजित कला या शाखा स्वतंत्र संस्था झाल्या. १९६५ साली राज्याने कलाशिक्षणासाठी वेगळे कला संचालनालय स्थापन केले. उशिराची कारणे दोन्ही बाजूंना होती. विद्यापीठाला लेखी परीक्षा हवी. चित्राला गुण कोण देणार आणि कशावर, हा त्यांचा प्रश्न. चित्रशाळेला भीती, की निबंध लिहिण्यात मुलांचे हात आखडतील आणि इंग्रजी न येणारा हुशार मुलगा दाराबाहेर राहील. मला विचाराल तर विद्यापीठाची शंका पोकळ होती. चित्राला गुण चित्रकारच देतात, जसे शस्त्रक्रियेला शल्यवैद्य देतात. चित्रशाळेची भीती मात्र खरी होती, आणि ती पूर्णपणे दूर झाली आहे असे आजही म्हणवत नाही.

१९८१ साली ललितकलेचा पदवी अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला. चार वर्षांची बी. एफ. ए.: पहिले वर्ष सर्वांना सारखे पायाभूत, मग चित्रकला, शिल्प, मातीकाम, धातुकाम अशा वाटा. नागपूरलाही सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरलाही. काका तेव्हा निवृत्तीला आले होते. वर्तमानपत्रातली बातमी त्यांनी कापून त्या जुन्या लग्नपत्रिकेत ठेवली. बोलले काही नाहीत. काकूच म्हणाली, "चला, आता तुमच्या नातवाला तरी कुणी बाजूला घेऊन विचारणार नाही."

विचारतातच. फक्त प्रश्न बदलला आहे. "ग्रॅज्युएट का?" असे आता कुणी विचारत नाही; "याला पॅकेज किती मिळते?" असे विचारतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बोरीबंदरच्या त्या आवारातल्या कला, वास्तुकला आणि अभिकल्प संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे आता राजाबाई टॉवरकडे जावे लागणार नाही. पदवी देणारेही तेच आणि शिकवणारेही तेच. महाराष्ट्रात या पदवीला प्रवेश घ्यायचा तर सामाईक परीक्षा द्यावी लागते. तीत सामान्यज्ञानाचा एक लेखी भाग आहे, बाकीचे वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र. आमच्या घरातली एक मुलगी गेल्या वर्षी बसली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने स्वयंपाकघरातला तांब्या, दोन वांगी आणि एक चुरगळलेले फडके टेबलावर मांडले, दिवा डाव्या बाजूला ओढला आणि पेन्सिलीला टोक काढून बसली. काकांच्या वहीतले पहिले पान मी तिला दाखवले. तिथेही तांब्याच होता.